होडीचा सीन

आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा, शाळांच्या गणवेशाचं काम चालू असताना, दुपारी चार वाजता होडी यायची. ती आली की आम्ही बायका हातातली सुई हातातच ठेवून बसायचो आणि मास्तर कापडावर खडू टेकवून तसेच उभे राहायचे.

कारखाना म्हणजे काही फार मोठा प्रकार नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला पाच खिडक्या, सहा मशिनं, कापायचं टेबल आणि आम्ही नऊजणी. शर्ट शिवतो. मी कॉलर लावते, माझी मावशी काजं करते. चांगल्या शर्टाची काजं हातानंच व्हायला हवीत असं आमच्या मास्तरांचं म्हणणं आहे आणि मास्तरांपुढे कोणाचं काही चालत नाही. पुढच्या पट्टीला सात, बाह्यांना एकेक. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, दोऱ्यावरून मेण फिरवते आणि कामाला लागते. तीस वर्षं हेच. तिला सगळे काजताई म्हणतात, तिच्याहून मोठे असलेले मास्तरसुद्धा.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते. तिला दुपारची झोप फार प्यारी. भाडेकरारात चक्क लिहून घेतलंय तिनं, की दोन ते साडेचार मशीन चालवायचं नाही. त्यामुळे तेवढा वेळ आम्ही सगळ्या हातकाम करतो. दोरे कापणं, बटणं लावणं, घड्या. मशिनं थांबली की खोली एकदम मोठी वाटायला लागते. खिडक्यांतून ऊन आत येऊन टेबलावरच्या कापडावर पसरतं आणि तंतूंचा भुगा त्या उन्हात वर-खाली करत राहतो. अशा वेळी मावशी हळू आवाजात सिनेमा सांगते.

मला सिनेमा सांगणाऱ्या माणसांचा मुळात राग येतो. 'मग तो येतो, मग ती जाते' करत निम्मं विसरतात आणि उरलेलं उलटंसुलटं सांगतात. मावशीचं तसं नव्हतं. ती सांगायला लागली की मी कॉलर उलटी टाचून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या शिव्या खायचे. तिच्याकडे सिनेमे बरेच होते, पण खरा सिनेमा एकच. तिच्या लहानपणचा. तो सांगायला तिला पाच दुपारी लागायच्या, म्हणून गणवेशाच्या न संपणाऱ्या ढिगासाठी तो राखून ठेवलेला असे.

डोंगरातल्या एका गावात गाणं शिकवणारी बाई असते. तिथे रस्ता आखायला एक मोजणीदार येतो. रस्ता नेमका तिच्या घरातून जाणार असतो. तो नकाशा एकदा काढतो, दोनदा काढतो, रेघ काही तिच्या घरावरून हलत नाही. भांडण, गाणी, आणखी भांडण, आणि शेवटी तो गाडीत बसून निघून जातो. गाडीची शिटी होते.

"आणि मग कोणी काही बोलत नाही," मावशी म्हणायची. सुई थांबायची. "बराच वेळ."

या 'बराच वेळ'मध्ये होडी असायची. तो पुढच्याच स्टेशनावर उतरतो. परत यायला मध्ये मोठं तळं आहे, पहाटेचं धुकं आहे. तो कुणाची तरी होडी सोडवून घेतो. कोट काढून बाकावर ठेवतो. रस्ता मोजायची साखळी त्याच्या पायाशी पडलेली, वल्ह्याबरोबर किणकिणते. काठ दिसत नाही. जन्मभर मोजत आलेला माणूस, आता किती अंतर उरलंय ते त्याला कळत नाही. धुक्यात कुठेतरी तिच्या खिडकीतला दिवा दिसतो, मग दिसत नाही, मग पुन्हा दिसतो. दर वर्षी त्यात थोडी भर पडायची. एका वर्षी होडीच्या टोकावर पांढरा पक्षी येऊन बसला आणि पुढे कायमचा तिथेच राहिला. मग दारावर थाप. त्याचा आवाज: "उशीर झाला का?" आणि तिचा: "चहा गार झाला."

आमची इस्त्रीवाली दर वर्षी इथे डोळे पुसायची आणि दर वर्षी म्हणायची, "मेलं, वाफेनं डोळे चुरचुरतात." दुपारी इस्त्री बंद असायची हे तिला कोणी सांगितलं नाही.

आता माझी आई. ही मावशीची धाकटी बहीण, आठ वर्षांनी लहान. दवाखान्यात केसपेपर लिहिते. दिवसभर लोकांना नाव, वय, काय होतंय विचारून तिचा घरातला आवाजही तसाच झालाय. आठ वर्षांची असताना जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला, हाड नीट जुळेना, अधूनमधून ताप. पाच महिने खाटेवर होती. आजी-आजोबा दोघंही कामाला जायचे, म्हणून सोळा वर्षांच्या मावशीनं शाळा सोडली आणि तिच्याजवळ बसली. ते सगळे राहायचे त्या खोलीची मागची भिंत आणि शेजारच्या थिएटरची भिंत एकच होती. त्या भिंतीपलीकडे तो सिनेमा पंचवीस आठवडे चालला. दिवसाला तीन खेळ.

दोघींना सगळं पाठ झालं. गाणी, भांडणं, गाडीची शिटी. फक्त शिटीनंतरचं ते गप्प राहणं काही कळेना. आई दर खेळाला विचारायची, "ताई, आता काय करत असतील ग?" एक दिवस थिएटरच्या दारावर उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यानं एक पास दिला. एकच. आई म्हणाली, तू जा, ते गप्प असतात तेव्हा काय करतात ते बघून ये. मावशी गेली आणि संध्याकाळी परत येऊन तिनं होडी सांगितली.

ही गोष्ट आमच्या घरात मी हजार वेळा ऐकलीय, कारण दोघींचं भांडण झालं की आईचं ठरलेलं हत्यार हेच. "तुझं बरं आहे बाई, तू सिनेमा बघून आलेली. मी आपली भिंतीला कान लावून पडलेली." मावशी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नाही, पण यावर कधी उलटून बोलली नाही.

तर झालं असं, की इस्त्रीवाली एके दिवशी नाचतच आली. मोठ्या रस्त्यावरच्या थिएटरात तो सिनेमा लागणार होता. कोणीतरी जुनी प्रत शोधून, धुऊनपुसून, एका आठवड्यासाठी. मास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की रविवारी तीनच्या खेळाला सगळा कारखाना जाणार. एवढा आनंद मी त्या खोलीत कधी बघितला नव्हता. शिवणीच्या कडा बांधणारी आमची ओव्हरलॉकवाली तर म्हणाली, "मला बाकी काही नको, फक्त होडी दाखवा."

मावशी मात्र कारणं काढायला लागली. गुडघा दुखतो. अंधारात जीव घाबरतो. जुना सिनेमा पुन्हा काय बघायचा, तोंडपाठ तर आहे. मला वाटलं, बाईसाहेबांना भाव खायचाय. मी संध्याकाळी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मीपण येणार. बेचाळीस वर्षं तिच्या तोंडून बघतेय. एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे."

शनिवारी काम सुटल्यावर मी आणि मावशी बसथांब्यावर बसलो होतो. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"एक सांगते, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मी तो सिनेमा बघितलेला नाही."

मी ओरडले नाही, पण शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं खरं.

"म्हणजे? आणि होडी?"

"होडी माझी."

"पक्षी?"

"तोसुद्धा."

"पास मिळाला होता ना? मग त्या दिवशी कुठे होतीस?"

"होते," ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कारखान्यातल्या बायकांचं मला काही नाही वाटत. चार दिवस हसतील आणि विसरतील. पण धाकटीला काय तोंड दाखवू? ती त्या होडीवर उठून बसली ग. 'ताई, होडी सांग' म्हणत म्हणत ताप उतरायचा तिचा. उद्या तिला कळेल की मी खोटं सांगितलं, आणि एवढी वर्षं सांगत राहिले."

मला राग आला होता. कशाचा ते नीट कळत नव्हतं. बहुधा मीही त्या होडीत बसून मोठी झाले होते म्हणून. तरी मी म्हणाले, "उद्या आजारी पड. मी सांभाळून घेते."

तिनं मान हलवली. "मला तो बघायचाय," ती म्हणाली. "मी कधी बघितलाच नाही ना."

रविवारी आम्ही अकराजणं झालो. सगळ्या नटून आलेल्या, मास्तरांनी तर स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला होता आणि त्याची काजं कोणी केलीत हे ते तिकीट फाडणाऱ्यालाही सांगत होते. थिएटर जुनं, खुर्च्या मऊ लाल, मधोमध बसून बसून खोलगट झालेल्या. आई पाय जपत पायऱ्या चढली. मावशी मध्ये, तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. दिवे हळूहळू मंद झाले. मावशीचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, अंगठा आणि तर्जनी जुळवलेली, मध्ये सुई असल्यासारखी.

आणि सिनेमा सुरू झाला. काळापांढरा. मला वाटलं होतं, सगळं पाठ असलेलं बघताना कंटाळा येईल. उलटंच झालं. आवाज सगळे ओळखीचे आणि चेहरे अनोळखी. गाणं शिकवणारी बाई माझ्या मनात उंच, सडपातळ होती. इथली ठेंगणी, गोबऱ्या गालांची, आणि हसली की पुढचे दोन दात दिसायचे. पाच मिनिटांत मला वाटायला लागलं की ती कायम अशीच होती. डोंगर पडद्यावर एवढे मोठे झाले की आपण त्यांच्या पायथ्याशी बसलोय असा भास व्हायचा. गाणी लागली तेव्हा आमची रांगच्या रांग ओठ हलवत होती. आईसुद्धा. तिचा आवाज नव्हता, नुसते ओठ, आणि पडद्याच्या उजेडात ती आठ वर्षांची दिसत होती. मावशी काही म्हणत नव्हती. ती बघत होती. पापणी न हलवता, मुलं दुकानाच्या काचेतून बघतात तशी. मोजणीदार पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अगबाई, टक्कल आहे याला."

मध्यंतरात कोणाला बाहेर जायचं नव्हतं. सगळ्याजणी मावशीकडे वळून वळून बघत होत्या. त्यांच्या दृष्टीनं तो तिचाच सिनेमा होता. ओव्हरलॉकवालीनं विचारलं, "काजताई, अजून किती वेळ होडीला?" मावशी म्हणाली, "येईल."

मग भांडण झालं, नकाशा फाटला, तो गाडीत बसला. शिटी झाली. आमच्या रांगेत बायकांनी एकमेकींना कोपरं मारली आणि सगळ्या सरसावून बसल्या.

पडद्यावर तिचं स्वयंपाकघर होतं. टेबल, दोन कप, किटली. ती येऊन बसली. एका कपात चहा ओतला, दुसऱ्यात ओतायला गेली आणि थांबली. मग काहीच नाही. ती बसून राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. तिनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हाताकडे. किटलीची वाफ कमी होत होत नाहीशी झाली. तळं नाही, धुकं नाही. अख्ख्या सिनेमात पाणी म्हणून काही असेल तर ते त्या कपातला चहा.

खरं सांगते, ते फार सुंदर होतं. होडीपेक्षाही असेल. पण मला नीट बघता आलं नाही, कारण मी मावशीकडे बघत होते. तिनं डोळे मिटून घेतले होते. तेवढा वेळ मिटूनच ठेवले. तिच्या पलीकडे आईही पडदा सोडून तिच्याचकडे बघत होती.

थाप. "उशीर झाला का?" "चहा गार झाला." दिवे लागले.

बाहेरच्या दालनात आमच्या बायका एकदम पेटल्या. रडण्याऐवजी त्या चिडल्या होत्या. इस्त्रीवाली पदर खोचून मॅनेजरच्या खोलीकडे निघाली आणि तिच्यामागे सगळा कारखाना. मॅनेजर बारीक चणीचा, चष्मेवाला माणूस होता. बिचारा पेला तोंडाला लावून पाणी पीत होता.

"होडीचा सीन कापलात तुम्ही," इस्त्रीवाली म्हणाली.

"कुठली होडी?"

"बघा, विचारतोय कुठली होडी! शिटी झाल्यावरची. तो तळं ओलांडून येतो ती. साखळी पायाशी असते ती!"

"बाई, सिनेमा पूर्ण आहे. एक फूटसुद्धा कापलेला नाही. यात होडी नाही."

"आम्हाला शिकवू नका," मास्तर म्हणाले. मास्तरांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "पक्षीसुद्धा गाळलाय."

"तुम्ही बघितलाय का हा सिनेमा आधी?"

"हिनं बघितलाय!" आणि सात-आठ बोटं मावशीकडे वळली.

त्या क्षणी तिला म्हणता आलं असतं, जाऊ द्या, जुनी प्रत आहे, हरवलं असेल काहीतरी. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. मॅनेजरसुद्धा शेवटी 'असेल' म्हणाला असता. मी मनातल्या मनात तिला तेच सांगत होते.

"ते खरं बोलताहेत," मावशी म्हणाली. "यात होडी नव्हतीच कधी. मी हा सिनेमा आज पहिल्यांदा बघितला. होडी मी मनानं घातली."

मॅनेजरनं पेला खाली ठेवला. ओव्हरलॉकवालीचं तोंड उघडं ते उघडंच. मावशी मान खाली घालून उभी होती, वर्गात चूक पकडलेल्या मुलीसारखी, आणि मला तिच्यापुढे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

इस्त्रीवालीनं बराच विचार केला. "म्हणजे होडी तुझी?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग यांनीच घालायला हवी होती," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिनं मॅनेजरकडे असं काही बघितलं की तो "माफ करा" म्हणाला.

तिथेच सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आई पुढे आली. दवाखान्यातल्या खिडकीत विचारते त्याच आवाजात तिनं विचारलं, "पण तू गेली होतीस. मीच पाठवलं तुला. पास होता."

"गेले होते ना. दाराबाहेरपर्यंत."

"म्हणजे?"

"तुला ताप होता, धाकटे. ताप चढला की तू उठायला बघायचीस, पायाला प्लास्टर असून. खाटेवरून पडली असतीस तर? एकटीला टाकून जाववेना. आणि नाही जात म्हटलं असतं तर तू हट्ट सोडला नसतास. म्हणून दार ओढून घेतलं आणि वरच्या पायरीवर बसून राहिले. खेळ सुटेपर्यंत. जिन्यातही ऐकू यायचं तसं सगळं."

"तीन तास?"

"असतील."

आईनं भिंतीला हात टेकला. तिच्या त्या पायावर तिला फार वेळ उभं राहता येत नाही.

"त्या दिवशी मी रडले होते," आई म्हणाली. "तू गेल्या गेल्या. मीच जा म्हटलं होतं, पण दार लागल्यावर मला खूप भीती वाटली. उशीत तोंड घालून रडले. तुला कधी सांगितलं नाही, तुझा सिनेमा खराब होईल म्हणून."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "ऐकू आलं."

"ऐकू आलं? मग आत का नाही आलीस?"

मावशीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती थोडीशी हसतही होती.

"सिनेमा संपायचा होता ना अजून," ती म्हणाली.

आई तिथल्या बाकावर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, सगळ्यांदेखत, तोंड न झाकता, पन्नास वर्षांची बाई. मावशी लगेच तिच्याजवळ गेली.